शब्दाचा अर्थ कळला, वजन कळलं का?

स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलं मला नेहमी विचारतात, "सर, इंग्रजीतले अवघड शब्द पाठ करतो, पण आठ दिवसांत विसरतो. काय करू?" मी फौजेत होतो, आता निवृत्त होऊन चेन्नईत राहतो. भाषेचा पंडित नाही. पण एक साधी पद्धत सांगतो. नवा शब्द भेटला की त्याला तीन प्रश्न विचारायचे.

पहिला प्रश्न : तुझं घर कुठलं?
'कॅटमरान' म्हणजे दोन सांगाड्यांची होडी. हा शब्द तमिळ 'कट्टुमरम'वरून आला. कट्टु म्हणजे बांधणं, मरम म्हणजे लाकूड. बांधलेली लाकडं! आता विसराल का? आणि 'मंगूस' तर आपलाच, मराठी मुंगसावरून गेलेला. म्हणून त्याचं अनेकवचन 'मंगूसेस' होतं. 'गूस'चं 'गीस' होतं, तसं 'मंगीस' होत नाही. दोघांचं नातंच नाही.

दुसरा प्रश्न : तुझ्यासोबत कोण असतं?
'मिटिगेट' आणि 'मिलिटेट' यांत भलेभले गोंधळतात. मिटिगेट म्हणजे तीव्रता कमी करणं. तो धोका, नुकसान, परिणाम अशा शब्दांसोबत येतो. मिलिटेट म्हणजे एखाद्या गोष्टीच्या आड येणं. त्याच्यामागे बहुतेक वेळा 'अगेन्स्ट' असतो. त्याचं मूळ सैनिकासाठी असलेल्या लॅटिन शब्दात आहे. मिलिटरी त्याच घरातला. म्हणून लक्षात ठेवा, मिलिटेट लढतो, मिटिगेट शांत करतो.

तिसरा प्रश्न : तुझं वजन किती?
हा प्रश्न मी स्वतः चूक करून शिकलो. काही वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीत मी जगातल्या घडामोडींवर इंग्रजीत बोललो. निर्बंध घातलेल्या एका देशाला मी 'परायाह स्टेट' म्हणालो. शब्द वापरता आला म्हणून मनातून खूशही होतो. कार्यक्रम संपल्यावर शेजारचे एक वयस्कर गृहस्थ जवळ आले आणि हळूच म्हणाले, "कर्नल, तुम्ही वापरलेला शब्द माझ्या आजीच्या जातीचं नाव आहे."

मला काय बोलावं सुचेना. मी पाठ केलेला अर्थ बरोबर होता : बहिष्कृत. पण शब्दाचं घर मी कधी विचारलंच नव्हतं. 'परै' हे आपल्या हलगीसारखं तमिळ वाद्य. त्यावरून 'परैयर' हे एका समाजाचं नाव. त्या समाजाला अस्पृश्य मानलं गेलं, आणि इंग्रजीने त्या नावाचीच शिवी केली. मी राहतो त्याच राज्यातला शब्द, आणि तो मी यादीतून शिकलो होतो!

मग मी वाचायला लागलो. याच मद्रासमध्ये 1893 साली रेट्टमलै श्रीनिवासन यांनी पत्र काढलं. त्याचं नाव त्यांनी ठेवलं 'परैयन'. ज्या नावाने हिणवलं जायचं, तेच मथळ्यावर. पुढे हेच श्रीनिवासन लंडनच्या गोलमेज परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांसोबत अस्पृश्यांचे प्रतिनिधी म्हणून बसले. आणि बाबासाहेबांनी 1927 मध्ये सुरू केलेल्या पाक्षिकाचं नाव आठवा : 'बहिष्कृत भारत'. माझ्या यादीतला एका ओळीचा अर्थ दोन प्रांतांतल्या माणसांनी असा छातीवर मिरवला होता.

दुसऱ्या दिवशी मी शेजाऱ्यांकडे जाऊन माफी मागितली. त्यांनी कॉफी पाजली. आता मी तिथे 'आयसोलेटेड' म्हणतो. अर्थ पोचतो, कुणी दुखावत नाही.

तेव्हा आजचा गृहपाठ. वहीत चार रकाने आखा : शब्द, घर, सोबत, वजन. रोज पाचच शब्द लिहा. प्रत्येकाचं एक वाक्य स्वतः तयार करा आणि मोठ्याने म्हणा. वजनाचा रकाना रिकामा असेल, तर तो शब्द वाचताना ओळखा, पण बोलताना थांबा. बंदूक हातात आली म्हणून कुणी लगेच चालवत नाही. आधी ती ओळखावी लागते.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद.