जुन्या भिंगांचा वाढता भाव

घरांत मुंज, लग्न किंवा साठीशांति निघाली, कीं आपण फोटोवाल्यास बोलावतों, त्याचा दर ऐकून कपाळास आठ्या घालतों आणि थोडी घासाघीस करून त्यास होकार देतों. त्या दरांत त्याच्या श्रमाचें मोल किती आणि हातांतील यंत्राचें किती, हा हिशेब आपण क्वचितच मांडतों. गेल्या कांहीं वर्षांत या हिशेबांतील एक रकम सारखी वाढत चालली आहे. ती म्हणजे कॅमेऱ्याच्या तोंडाशीं बसविलेल्या भिंगाची, फोटोवाल्यांच्या भाषेंत लेन्सची. नव्या भिंगाची गोष्ट बाजूस ठेवूं. पण वापरून जुनें झालेलें भिंगही आतां पूर्वीच्या भावानें मिळत नाहीं, आणि मिळालें तरी तें निर्दोष असेलच असें नाहीं. वापरलेली वस्तु स्वस्त होते, हा संसारांतला नित्याचा अनुभव. मग येथेंच उलटें कां व्हावें?

पुण्यामुंबईच्या हौशी मंडळींस हा प्रश्न करमणुकीचा वाटेल. आमच्या देवणीसारख्या तालुक्याच्या गांवीं तो पोटाचा आहे. येथील होतकरू छायाचित्रकार पहिलें चांगलें भिंग बहुधा कोणाच्या तरी हातचेंच घेतो. नवें घेण्याची त्याची ऐपत नसते. ती पायरीच उंच झाली, तर शेतांत भागेना म्हणून या धंद्यांत शिरणाऱ्या मुलानें पाऊल ठेवावें कोठें?

भिंगाचें काम मूळांत साधें आहे. विखुरलेला प्रकाश गोळा करून एका ठिकाणीं आणणें, एवढेंच तें. हें कौतुक आपल्या पूर्वजांस अपरिचित नव्हतें. यास्काचार्यांच्या निरुक्तांत मण्यानें किंवा घांसलेल्या कांशानें सूर्यकिरण एकवटून, स्पर्श न करितां वाळलेलें शेण पेटविण्याचा उल्लेख आहे. ‘सूर्यकांत’ हा शब्दही त्याच अनुभवाचा साक्षी होय. परंतु शेणी पेटविणें निराळें आणि माणसाचा चेहरा कडेपासून कडेपर्यंत रेखीव उमटविणें निराळें. एकाच कांचेंतून जातांना निरनिराळे रंग निरनिराळ्या ठिकाणीं एकत्र येतात, सरळ रेषा वांकतात, कडा धूसर होतात. एका कांचेचा दोष दुसऱ्या कांचेनें काढावयाचा, हीच भिंगकाराची विद्या. १८४० सालीं व्हिएन्ना येथें योझेफ पेट्झवाल या गणितज्ञानें हिशेब मांडून व्यक्तिचित्रासाठीं जें भिंग योजिलें, त्यामुळें मिनिटांचें काम सेकंदांवर आलें आणि माणसांचे फोटो घेणें खऱ्या अर्थानें शक्य झालें. पुढें १८८४ सालीं जर्मनींत येना येथें ऑटो शॉट यांनीं कार्ल त्साइस व एर्न्स्ट आबे यांच्या सहकार्यानें कांचेचा कारखाना काढला. तेथें निरनिराळ्या गुणांच्या कांचा मागाल तशा घडूं लागल्या, आणि १९०२ सालचें चार कांचांचें ‘टेसार’ भिंग जगभर मान्यता पावलें.

आपल्याकडे ही विद्या आली ती तयार भिंगाच्या रूपानें. ज्या निजामी मुलखांत आमचें गांव १९४८ पर्यंत होतें, त्याच राज्यांत लाला दीनदयाळ यांनीं सहाव्या निजामांचे दरबारी छायाचित्रकार म्हणून लौकिक मिळविला. मुंबईच्या हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनीं, म्हणजे सावेदादांनीं, एकवीस गिनी मोजून विलायतेहून चलच्चित्राचा कॅमेरा मागविला आणि १८९९ सालीं हँगिंग गार्डनमधील कुस्ती टिपली. १९१२ सालीं दादासाहेब फाळके विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून लंडनला गेले आणि विल्यमसन कॅमेरा घेऊन आले. त्या उद्योगापायीं सरस्वतीबाईंचे दागिनेही गहाण पडले. कोल्हापुरांत बाबूराव पेंटरांनीं १९१८ च्या सुमारास स्वदेशी कॅमेरा जुळविला, ही तर आपल्या कारागिरीस भूषणावह गोष्ट. तरीही एक सत्य उरतेंच. यंत्राची पेटी व दांत्यांचीं चाकें कुशल हातांनीं घरीं घडूं शकतात. भिंगाला मात्र शुद्ध कांच, गणित आणि केसाच्याही अंशापर्यंत बिनचूक घांसकाम लागतें. म्हणूनच भिंगाच्या बाबतींत आपण पहिल्यापासून बाहेरच्या मालावर अवलंबून राहिलों, आणि बाहेरच्या बाजाराची प्रत्येक झुळूक आपल्या खेड्यापर्यंत येऊन पोंचते.

तेथें घडलें तें असें. मोबाइल फोनांत कॅमेरा आला आणि साध्या कॅमेऱ्यांची मागणी झपाट्यानें घसरली. जपानी कॅमेरा-उत्पादकांच्या संघाच्या आंकड्यांप्रमाणें २०१० सालीं सुमारें १२ कोटी डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले. २०२३ सालीं ती संख्या ८० लाखांच्याही आंत आली. खप असा आटला, कीं स्वस्त माल काढणें कारखान्यास परवडत नाहीं. मग थोडा पण महाग माल काढणें हाच मार्ग उरतो. कित्येक जुन्या पेढ्या तर उठूनच गेल्या. ‘कॉन्टॅक्स’ कॅमेऱ्यांचें काम २००५ सालीं बंद झालें. ‘कोनिका मिनोल्टा’नें २००६ सालीं हा धंदा सोडला. त्यांचीं जीं भिंगें जगांत आहेत, तींच आहेत. त्यांत एकाचीही भर पडावयाची नाहीं, घट मात्र रोज पडते.

पुरवठा असा गोठला असतांना मागणी वाढली ती एका यांत्रिक कारणानें. तें समजून घेण्याजोगें आहे. भिंग जेथें कॅमेऱ्यास बसतें ती कडी, आणि जेथें चित्र उमटतें तो पडदा, यांतील अंतर प्रत्येक कंपनीचें ठरलेलें असतें. जुन्या पद्धतीच्या कॅमेऱ्यांत मध्यें आरसा हालत असे, म्हणून हें अंतर मोठें ठेवावें लागे, निकॉनमध्यें ४६.५ मिलिमीटर, कॅननमध्यें ४४. नव्या कॅमेऱ्यांतून आरसा काढून टाकला. सोनीनें २०१० सालीं काढलेल्या कॅमेऱ्यांत हें अंतर १८ मिलिमीटर आहे. २०१८ सालच्या निकॉनच्या नव्या रचनेंत १६, तर कॅननच्या नव्या रचनेंत २०. अंतर कमी झालें, म्हणजे मध्यें एक पोकळ कडी बसवून जवळ जवळ कोणतेंही जुनें भिंग नव्या कॅमेऱ्यावर चढवितां येतें. आजोबांच्या मापाचा अंगरखा नातवास बसेना, तो एका पट्टीनें बसूं लागला, तसेंच हें झालें. जीं भिंगें कपाटांत निरुपयोगी म्हणून पडलीं होतीं, त्यांना एकाएकीं जगभर गिऱ्हाईक मिळालें.

यांत रशियन ‘हेलिऑस’ भिंगाची कथा मौजेची आहे. मूळ रचना त्साइसच्या ‘बायोटार’ भिंगाची. दुसऱ्या महायुद्धानंतर येनाची यंत्रें व विद्या रशियांत गेली आणि त्या रचनेवरून हेलिऑस निघालें. तें इतकें मुबलक निघालें, कीं पुष्कळ वर्षें त्यास कोणी विचारीत नसे. त्यांतून पार्श्वभूमीचे ठिपके भोंवऱ्यासारखे फिरलेले दिसतात. शास्त्रदृष्ट्या हा दोष. पण मोबाइलच्या गुळगुळीत चित्रांस विटलेल्या तरुणांनीं त्यालाच सौंदर्य मानलें, इंटरनेटवर त्याची कीर्ति गाइली, आणि कवडीमोल भिंगास भाव चढला. दोषासही फॅशन मोल देते, हें वस्त्रांत आपण पाहिलेंच आहे. आतां कांचेंत पाहत आहों.

न्यायासाठीं हेंही सांगितलें पाहिजे, कीं सर्वच जुनीं भिंगें महागलीं नाहींत. आरशाचे कॅमेरे सोडून नवे घेणाऱ्यांनीं आपलीं स्वयंचलित भिंगें विकावयास काढल्यामुळें तीं बाजारांत बरींच आलीं आहेत, आणि आमच्याकडील लग्नाचे फोटोवाले बहुधा त्यांवरच निभावून नेतात. पण हा पूर ओसरणारा आहे. मागून नवें पाणी नाहीं. त्यांतच रुपयाची घसरण पाहा: २०१४ च्या मध्यास एका डॉलरास सुमारें ६० रुपये पडत, २०२४ च्या अखेरीस सुमारें ८५. शिवाय वापरलेला माल व्यापारासाठीं परदेशांतून आणण्यावर आपल्याकडे परवान्याचें बंधन आहे. तेव्हां देशांत जो साठा आहे त्यावरच बहुतेकांची भिस्त.

आणि त्या साठ्याचा खरा शत्रु गिऱ्हाईक नसून बुरशी आहे. दमट हवेंत, अंधाऱ्या कपाटांत, विशेषतः कातडी पिशवींत ठेवलेल्या भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतु पसरतात. त्यांतून पाझरणारें आम्ल कांचेवरचा पातळ लेप खातें, आणि पुढें कांचही. हा लेप १९३५ सालीं त्साइसच्या अलेक्झांडर स्माकुला यांनीं सिद्ध केला. त्यामुळें कांचेवरून वायां परावर्तित होणारा प्रकाश आंत येऊं लागला. एकदां तो खरवडला, कीं पुन्हा चढविणें सामान्य दुकानदाराच्या आवांक्याबाहेरचें. कोंकणांतील व मुंबईतील किती भिंगें अशीं गेलीं असतील! मराठवाड्याची कोरडी हवा शेतकऱ्यास रडविते, पण भिंगास मानवते. पावसाळ्याचे महिने तेवढे येथेंही जपावे लागतात.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची गोष्ट सांगतों. त्यानें सोयाबीनच्या पैशांत कांहीं कर्जाची भर घालून शहरांतील एका दुकानांतून वापरलेलें भिंग आणलें. बाहेरून तें आरशासारखें लखलखीत. पहिल्याच लग्नांत वधूवरांच्या चेहऱ्यावर दुधाची साय आल्यासारखे फोटो निघाले. विजेरी धरून पाहिलें तों आंतील दोन कांचांमध्यें बुरशीचें रान. दुकानदारानें हात झटकले. कर्जाचे हप्ते मात्र सुरू राहिले.

मला त्याचें नवल याचें वाटलें, कीं हा मुलगा देवणीचा. आमच्या गांवाच्या नांवाची गुरें महाराष्ट्राबाहेरही प्रसिद्ध आहेत. वानेरा, बालंक्या, शेवरा हे त्यांचे भेद येथील पोरासोरांस ठाऊक. जनावर घेतांना आमचा शेतकरी कातडीच्या चकाकीवर जात नाहीं. दांत पाहतो, खूर पाहतो, चालवून पाहतो, आणि विकणारा कां विकतो तेंही विचारतो. भिंगाचीही परीक्षा अशीच करावी. विजेरीचा प्रकाश मागून पाडून आरपार पाहावें. जाळें, धुकें किंवा दोन कांचांचा सांधा सुटल्याची इंद्रधनुषी कड दिसली, तर तें परत करावें. छिद्र लहानमोठें करणाऱ्या पात्यांवर तेल आहे काय, कडें फिरवितांना अडखळतें काय, स्क्रूंचीं तोंडें झिजलीं आहेत काय, हें पाहावें. झिजलेला स्क्रू म्हणजे आंत कोणाचा तरी हात गेल्याची खूण. पुढील कांचेवरचा बारीक ओरखडा फारसा बाधत नाहीं, मागील कांचेवरचा बाधतो. चालवून पाहण्याऐवजीं आपल्याच कॅमेऱ्यावर लावून दहापांच फोटो काढावे, आणि पावतीवर भिंगाचा क्रमांक व परतीची मुदत लिहून घ्यावी. विकणारा यास कबूल नसेल, तर स्वस्ताईचा मोह आवरावा.

ठेवण्याची रीतही अवघड नाहीं. घट्ट झांकणाच्या डब्यांत सिलिका जेलच्या पुड्या घालून भिंग ठेवावें, पुड्या मधून मधून बदलाव्या, आणि महिन्यांतून एकदां भिंग उजेडांत काढून वापरावें. डांबराच्या गोळ्या घालूं नयेत. खिडकींत उन्हाच्या तोंडीं तर भिंग कधींच ठेवूं नये. यास्काचार्यांची शेणी तेथें पडद्याच्या रूपानें पेटेल.

नव्यानें धंद्यांत पडणाऱ्यांस एवढेंच सांगणें, कीं कीर्तीच्या मागें धांवूं नये. हल्लीं चिनी कारखाने हातानें फिरवावयाचीं साधीं नवीं भिंगें बऱ्याच स्वस्तांत देतात. नामांकित पण आजारी जुन्या भिंगापेक्षां तीं पुष्कळदां बरीं. भिंग प्रकाश गोळा करतें. कोठें उभें राहावें आणि कोणत्या क्षणीं कळ दाबावी, हें त्यास ठाऊक नसतें.

आतां आपल्याविषयीं. आपल्या घरांतून, माळ्यावरच्या ट्रंकेंत, वडिलांचा किंवा काकांचा एखादा कॅमेरा पडलेला असण्याचा पुष्कळ संभव आहे. दिवाळीच्या साफसफाईंत तो भंगारवाल्याच्या तराजूंत जातो, आणि शेरावर विकलेली ती कांच दोन हातांपलीकडे हजारांनीं विकली जाते. ती ट्रंक या दिवाळीपूर्वीं उघडावी. भिंग शाबूत असेल तर एखाद्या जाणकारास दाखवावें. विकावयाचें तर योग्य मोलानें विकावें, आणि गांवांत शिकणारा एखादा गरजू मुलगा असेल तर त्याला तें वापरावयास द्यावें. ज्या कांचेंतून आपल्या आईवडिलांचे चेहरे पूर्वीं कागदावर उतरले, ती बुरशीच्या तोंडीं जाण्यापेक्षां एखाद्याच्या चुलीस आधार होणें अधिक बरें. आणि पुढच्या कार्याला फोटोवाला दर सांगेल, तेव्हां घासाघीस करण्यापूर्वीं त्याच्या हातांतील भिंगाकडे एकवार पाहावें.