शहाळे, संत्रे आणि दुबळी मूत्रपिंडे

आजारी माणसासाठी शहाळे, मोसंबी, केळी नेण्याची रीत महाराष्ट्रात घरोघरी असली, तरी दीर्घकालीन मूत्रपिंडविकाराच्या, म्हणजे मूत्रपिंडांची हानी किंवा त्यांच्या कामातील घट तीन महिन्यांहून अधिक काळ टिकलेल्या रुग्णाला नेमकी हीच फळे विचारपूर्वक द्यावी लागतात. याचे कारण पोटॅशियम हे खनिज होय. स्नायू आणि हृदय यांना ते आवश्यक असते. मात्र आहारातून आलेल्यापैकी सुमारे ९० टक्के पोटॅशियम मूत्रपिंडेच लघवीवाटे बाहेर टाकत असल्यामुळे, ती दुबळी झाली की रक्तातील त्याचे प्रमाण, जे एरवी लिटरमागे ३.५ ते ५ मिलिइक्विव्हॅलंट असते, वाढू लागते आणि फारच वाढल्यास, कधीकधी आधी कोणतेही लक्षण न दिसता, हृदयाची लय बिघडते. टेल्मिसार्टन, रामिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन यांसारखी औषधेही हे प्रमाण वाढवू शकतात.

तरीही निदान होताच सगळी फळे बंद करणे, जे अनेक घरांत केले जाते, ते चुकीचेच म्हणावे लागेल. पोटॅशियम मर्यादेत असेल तर अशा बंदीची सहसा गरज नसते, उलट फळांतील तंतूंमुळे बद्धकोष्ठता टळते आणि मूत्रपिंडांना न झेपणारे काही पोटॅशियम आतड्यांवाटे निघून जाते. ते वाढलेले असेल तेव्हा मात्र फळांमधील फरक जाणून घ्यावा लागतो. शंभर ग्रॅम सफरचंदात किंवा अननसात साधारण ११० मिलिग्रॅम पोटॅशियम असते, केळ्यात ३६०, पेरूत ४०० हून अधिक. मनुका आणि खजूर यांच्यात पाणी कमी असल्याने ते आणखी दाटलेले असते. कलिंगडात ते थोडे असले, तरी कलिंगड एका फोडीवर थांबून खाणारे विरळाच, आणि त्यातील पाणी डायलिसिसच्या रुग्णाला ठरवून दिलेल्या द्रवाच्या हिशेबात धरावे लागते.

रसाची गोष्ट अधिक नाजूक आहे. एका पेल्यासाठी तीन-चार संत्री पिळली की पोटॅशियम आणि साखर पेल्यात उतरते, तंतू बहुतांशी चोथ्यात राहतात, आणि एरवी एक संत्रे सोलून खाणारा माणूस चारांचा ऐवज दोन मिनिटांत पिऊन टाकतो. शहाळ्याच्या पाव लिटर पाण्यात तर सुमारे ६०० मिलिग्रॅम पोटॅशियम असते. मधुमेही रुग्णाची साखर अचानक उतरली, तर संत्र्याच्या रसाऐवजी सफरचंदाचा अर्धा कप रस किंवा साखरेचे थोडे पाणी बरे.

कमरख, म्हणजे आडवे कापल्यावर चांदणीसारखी चकती दिसणारे आंबटगोड फळ, मात्र पूर्णपणे टाळावे. त्यातील कॅरँबॉक्सिन हे मज्जासंस्थेला घातक द्रव्य अशा रुग्णाच्या शरीरात साचून न थांबणारी उचकी, भ्रम, झटके आणि प्रसंगी मृत्यूही ओढवतो. प्रत्यारोपण झालेल्यांच्या बाबतीत ग्रेपफ्रूट आणि पपनस यांवरही बंदी असते, कारण नवे मूत्रपिंड शरीराने नाकारू नये म्हणून दिल्या जाणाऱ्या टॅक्रोलिमस, सायक्लोस्पोरिन या औषधांचे रक्तातील प्रमाण ही फळे वाढवू शकतात.