बियाण्याच्या बैठकीत वाजले संबळ



एरवी मी तुमच्याशी बी-बियाणे आणि पाऊसपाण्याविषयी बोलतो. आजची गोष्ट गाण्याची आहे. पण तीही बियाणे राखण्याचीच आहे.

मृगाच्या आधी तुळजापूर तालुक्यातल्या एका गावी सोयाबीनची उगवण तपासून दाखवायला गेलो होतो. ओल्या गोणपाटात ठेवलेल्या १०० दाण्यांपैकी ७८ उगवले होते. "सत्तर किंवा वर उगवले तर घरचे बियाणे खुशाल पेरा," असे मी सांगत होतो. पुढे बसलेल्या एका म्हाताऱ्या बाबांनी विचारले, "अन् साहेब, सत्तरच्या खाली आले तर?"

"तर एकरी बियाणे वाढवायचे," मी म्हणालो खरा. पण माझे लक्ष त्या आवाजाकडे लागले होते. तो आवाज माझ्या ओळखीचा होता.

सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात आपली आणि लातूरकडची गावे कशी भुईसपाट झाली, हे जाणत्यांना आठवत असेल. पुढच्याच वर्षी मी नोकरीला लागलो. आताच्या लोहारा तालुक्यात लोक पत्र्याच्या शेडमध्ये राहत होते. तिथे एका लग्नाचा गोंधळ ऐकला. मांडवात असे घर नव्हते की ज्यातले माणूस गेले नाही. गोंधळ्याने आधी सगळ्यांना रडू दिले आणि मग पहाटेपर्यंत हसवले. पुढे येरमाळ्याच्या चैत्री यात्रेत मी त्यांना दरसाल शोधले, पण गाठ पडली नाही. तेच हे बाबा!

मी आग्रह केला. बाबा म्हणाले, "साहेब, चौक नाही, घट नाही, दिवटी नाही. हा काही गोंधळ नव्हे. एक पद तेवढे म्हणतो."

पुतण्याने घरून संबळ आणले, बाबांनी तुणतुणे घेतले. भर दुपारी समाजमंदिरासमोर आवाज लागला. पाण्याला निघालेल्या बाया घागरी टेकवून उभ्या राहिल्या. एका पदाची चार पदे झाली. मधेच त्यांनी गावचा ओढा गोवला, सरपंचांची नवी मोटारसायकल गोवली आणि माझ्या गोणपाटातले न उगवलेले बावीस दाणे कुठे गेले, याचीही चौकशी केली. सगळे पोट धरून हसले.

छगन चौगुले २०२० मध्ये करोनाने गेले. त्यांच्या कॅसेटी आपण आवडीने ऐकल्या, आजही मोबाईलवर ऐकतो. ते चांगलेच आहे. पण समोर कोण बसले आहे, हे यंत्राला कळत नाही. गोंधळी तोंडे बघून गातो.

निघताना मी विचारले, "बाबा, इतकी वर्षे होता कुठे?"

"इथेच. बोलावणेच येईना. मांडवात डीजे आला, आमचा गोंधळ उरला अर्ध्या तासाचा. पोरे म्हणाली, यात पोट भरत नाही. शिकला तो हा पुतण्या एकटा."

एका दाण्यावर शेत पेरता येत नाही, हे तुम्हाला मी काय सांगावे?

म्हणून एवढे करा. घरी लग्न असेल तर गोंधळ्याला वेळेवर सांगा आणि बिदागी आधी ठरवा. डीजे थांबल्यावर मध्यरात्री नव्हे, जेवणे होताच चौक मांडा. पोरांना पुढे बसवा. गावात पन्नाशी ओलांडलेला कलावंत असेल, तर राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने शासनाची ज्येष्ठ साहित्यिक व कलावंतांसाठी मानधन योजना आहे. २०२४ पासून तिचे मानधन दरमहा ५,००० रुपये झाले आहे. उत्पन्नाची आणि इतर अटी पंचायत समितीत विचारून घ्या. अर्ज भरायला शिकलेल्या पोराने सोबत जावे.

बाबांचा अर्ज मी त्याच दुपारी लिहून दिला. आणि माझ्या मुलीच्या लग्नाची तारीख ठरताच पहिली सुपारी त्यांनाच दिली.