मोठ्या आकड्याला भिऊ नका

शेलूबाजारला माल विकून शेतकरी हिशेबाची पट्टी हातात घेतो, तेव्हा त्याची नजर आधी शेवटच्या आकड्यावर जाते. आकडा लांबलचक असला की पुष्कळजण म्हणतात, "लिहिलंय ते बरोबरच असेल." ही भीती लहानपणी शाळेत बसते आणि ती घालवायचीही शाळेतच. म्हणून आज एका फार मोठ्या संख्येची ओळख करून घेऊ.

पाटीवर लिहा: १२३४५६७८९८७६५४३२१. अंक सतरा! भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (इ. स. ११५०) परार्धापर्यंत अठरा स्थाने सांगितली आहेत. त्यांतल्या 'मध्य' नावाच्या सतराव्या स्थानाला ही संख्या पोचते. आता नऊ एक्के लिहा, १११११११११, आणि या संख्येला तिनेच गुणा. उत्तर नेमके वरचेच!

असे का व्हावे? गुणाकाराची प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकते. म्हणून उभ्या रांगांत एक, दोन, तीन असे एक्के वाढत मधोमध नऊ होतात आणि पुढे तसेच कमी होतात. दहा एक्के घेतले, तर मधली बेरीज दहा होते, हातचा येतो नि शिडी मोडते.

अशा संख्यांना 'डेमलो' हे नाव दिले द. रा. कापरेकरांनी, मुंबईजवळच्या एका रेल्वे स्थानकावरून. १९०५ साली डहाणूस जन्मलेले कापरेकर देवळालीस शाळामास्तर होते. शाळा सांभाळून त्यांनी अंकांचा नाद जन्मभर जोपासला. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने पुरता भाग जातो, तिला ते 'हर्षद' म्हणत, म्हणजे हर्ष देणारी. आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज ८१. भाग लावा: १५२४१५७८९९७१०४१, बाकी शून्य. म्हणजे तीही हर्षदच!

अंकांची हीच बेरीज बाजारात कामी येते. दहा, शंभर, हजार, कशालाही नवाने भागा, बाकी एकच. म्हणून संख्येला नवाने भागून जी बाकी उरते, तीच तिच्या अंकांच्या बेरजेची. यालाच आपण ताळा म्हणतो.

समजा, सोयाबीन २३ क्विंटल, भाव ४,५८७ रुपये, आणि पट्टीवर रक्कम १,०५,४०१. ४, ५, ८, ७ मिळून २४, त्याचे ६. तेविसाचे ५. सहा पाचे तीस, म्हणजे ३. पट्टीवरच्या रकमेची बेरीज मात्र ११, म्हणजे २. ताळा जमला नाही, तेव्हा हिशेब चुकला. खरी रक्कम १,०५,५०१. शंभर रुपये कमी लिहिले गेले!

एक ध्यानात ठेवा. अंकांची नुसती अदलाबदल झाली, तर ताळ्याला ती कळत नाही. ताळा चुकला तर चूक नक्की. जुळला तरी गुणाकार एकदा करून पाहावा.

गुरुजी, उद्या वर्गात नऊ एक्क्यांचा गुणाकार मुलांकडून करून घ्या. सतरा अंकांना न भ्यालेलं पोर बापाच्या पट्टीवरच्या सहा अंकांना कशाला भिईल?