संगणकातील कृमी आणि आपली हरवलेली छायाचित्रे

या स्मरणिकेची जुळवाजुळव सुरू झाली तेव्हा आम्ही माजी विद्यार्थ्यांकडे जुनी छायाचित्रे मागितली. सुरुवातीच्या तुकड्यांची छायाचित्रे सिन्नरमध्येच राहणाऱ्या एका माजी विद्यार्थ्याकडे आहेत, हे आम्हांस ठाऊक होते. त्यांनी ती हौसेने स्कॅन करून घरच्या संगणकात ठेवली होती. पुढे एका पावसाळ्यात मूळ कागद भिजून एकमेकांस चिकटले, तेव्हा ‘संगणकात आहेत ना’ असे म्हणून कोणी ते फारसे मनाला लावून घेतले नाही. मे २०१७ मध्ये ती संगणकातूनही गेली. या अंकात भोजनगृहाची आणि स्नेहसंमेलनाची जी चार छायाचित्रे धूसर दिसतील, ती त्यांनी पूर्वी कधीतरी दोघा वर्गमित्रांना व्हॉट्सॲपवर पाठविली होती. म्हणून तेवढीच उरली.

ती कशी गेली आणि आपल्या घरी तसे होऊ नये म्हणून काय करावे, हे सांगण्यासाठी आम्ही स्मरणिकेची ही पाने घेतली आहेत.

शुक्रवार, १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ नावाचा एक घातक प्रोग्राम जगभर पसरू लागला. काही दिवसांतच सुमारे दीडशे देशांतील दोन लाखांहून अधिक संगणक त्याने ग्रासले. इंग्लंडमधील सरकारी रुग्णालयांना रुग्ण परत पाठवावे लागले, शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. आपल्याकडे आंध्र प्रदेशातील पोलिसांचे आणि केरळातील ग्रामपंचायतींचे काही संगणक बंद पडले. संगणकावरील फोटो, पत्रे, हिशेब अशा साऱ्या फाइलींना तो कुलूप घालीत असे आणि पडद्यावर लाल रंगाची चौकट दाखवीत असे. तीनशे डॉलर बिटकॉइनमध्ये भरा, तीन दिवसांत न भरल्यास रक्कम दुप्पट, सात दिवसांनंतर फाइली कायमच्या गेल्या, असा तो मजकूर होता. शेजारी उलटे चालणारे घड्याळ.

अशा प्रोग्रामना आपण सरसकट ‘व्हायरस’ म्हणतो. पण हा त्यातला वेगळा प्रकार होता. साधा व्हायरस एखाद्या फाइलीला चिकटून येतो. आपण ती फाइल उघडली, पेन ड्राइव्ह लावला, की त्याचे काम सुरू होते. म्हणजे त्याला आपल्या हाताची मदत लागते. कृमीला, म्हणजे इंग्रजीत ज्याला ‘वर्म’ म्हणतात त्याला, ती लागत नाही. तो एका संगणकात शिरला की त्याच जाळ्यातील शेजारचे संगणक स्वतः चाचपून पाहतो आणि ज्याचे दार उघडे सापडेल त्यात शिरतो. द्राक्षबागेत डाउनी एका पानावरून दुसऱ्या पानावर कशी जाते, ते नाशिक जिल्ह्यातील वाचकांस निराळे सांगावयास नको. कोणी काही चुकीचे उघडले नाही तरीही घर बाधित होते, हे ध्यानात घेतले नाही म्हणून त्या काळी पुष्कळ घरांत मुलांना उगीच बोलणी बसली.

वॉनाक्रायला सापडलेले दार कोणते? विंडोजमध्ये एका संगणकावरील फाइल किंवा प्रिंटर दुसऱ्या संगणकाला वापरता यावा, अशी जुनी सोय आहे. तिच्यात एक भगदाड होते. अमेरिकेच्या एका गुप्तहेर संस्थेने ते हेरून त्यातून शिरण्याचे साधन तयार केले होते. ते चोरीस गेले आणि एप्रिल २०१७ मध्ये उघड्यावर आले. मात्र या साऱ्या प्रकरणातील आम्हांस सर्वांत बोचणारी गोष्ट पुढेच आहे. ते भगदाड बुजविणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजीच दिले होते. कृमी आला तो त्यानंतर दोन महिन्यांनी. ज्यांनी ते विनामूल्य अपडेट घेतले होते, त्यांच्या संगणकांना त्या दारातून बाधा झाली नाही.

आपल्या माजी विद्यार्थ्याच्या घरी काय घडले, ते त्यांनीच आम्हांस सांगितले. मुलगा जेथे नोकरी करीत होता तेथील लॅपटॉप सुट्टीसाठी घरी घेऊन आला आणि त्याने तो घरच्या वाय-फायला जोडला. घरोघरी जे वाय-फायचे राउटर असते, ते बाहेरून आलेल्या अनाहूत पाहुण्यास सहसा आत घेत नाही. पण येथे पाहुणा घरच्याच माणसाच्या पिशवीतून आला होता. घरातील संगणकावर विंडोज ७ होते, दुकानदाराने टाकून दिलेले, परवान्याविना. ‘अपडेट चालू ठेवू नका, विंडोज बंद पडेल’ असेही त्याने बजावले होते. दुकानदारास आम्ही एकट्यास दोष देत नाही. परवान्याचे पैसे वाचविणे, नेटचा डेटा वाचविणे, संगणक हळू चालतो म्हणून अपडेट टाळणे, हे आपल्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी केलेले आहे.

आणखी एक चूक घाबरून झाली. लाल चौकट दिसताच त्यांनी संगणक बंद केला, पुन्हा चालू केला. पुढे काही दिवसांतच फ्रान्समधील संशोधकांनी वॉनाक्रायचे कुलूप उघडण्याचे एक साधन विनामूल्य दिले. कुलपाचे अंश संगणकाच्या स्मृतीत शिल्लक राहत असल्याने काही संगणकांवर ते चाले. पण संगणक मध्यंतरी बंद झालेला नसावा, ही अट होती. म्हणून असा मजकूर कधी दिसलाच, तर प्रथम नेटची तार काढावी, वाय-फाय बंद करावे, घरातील इतर संगणक वेगळे करावेत आणि जाणकारास विचारल्याविना तो संगणक बंद करू नये.

पैसे भरावेत काय, असे आम्हांस अनेकांनी विचारले. आमचे मत स्पष्ट नाही असे आहे. त्याच वर्षी २७ जून रोजी ‘नॉटपेट्या’ नावाचा दुसरा कृमी आला, तोही त्याच भगदाडाचा उपयोग करीत. तो खंडणी मागे. पण त्याची रचनाच अशी होती की पैसे भरूनही फाइली परत मिळू नयेत. या कृमीचा फटका थेट महाराष्ट्रास बसला. न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील एक टर्मिनल डेन्मार्कच्या मर्स्क समूहाकडे आहे. समूहाचे जगभरचे संगणक बंद पडताच येथील कामही ठप्प झाले आणि कंटेनर अडकून पडले. नाशिकचा कांदा आणि द्राक्षे ज्या बंदरातून परदेशी जातात, तेच हे बंदर. मर्स्कला पुढे सुमारे ४५ हजार संगणक नव्याने उभे करावे लागले.

नॉटपेट्याचा उगम मात्र युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमध्येच होता. मग अपडेट घ्यावे तरी कसे, अशी शंका कोणी काढील, आणि ती अगदीच निराधार नाही. तरीही एका कंपनीच्या सर्व्हरमध्ये शिरून केलेला तो घात अपवाद आहे; अपडेट न घेतल्याने बुडालेल्यांची संख्या त्याहून कितीतरी मोठी. आम्ही स्वतः अपडेट चालूच ठेवतो.

आज ही गोष्ट जुनी वाटेल. परंतु सिन्नर आणि परिसरातील कितीतरी घरांत, मुलांच्या अभ्यासासाठी घेतलेल्या जुन्या लॅपटॉपवर अजून विंडोज १० आहे. त्याचे नियमित सहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. वेगळी नोंदणी केल्यास सुरक्षेची अपडेट मर्यादित काळापुरती मिळतात. न केल्यास नवे भगदाड सापडले तरी ते बुजत नाही. लॅपटॉपवर विंडोज ११ चालत असेल तर ते घ्यावे. चालत नसेल, आणि काम केवळ लिहिणे-वाचणे, अर्ज भरणे एवढेच असेल, तर उबुंटू किंवा मिंट हे लिनक्सचे विनामूल्य प्रकार चालतात. मराठी टंकलेखनही त्यांत होते. विंडोज ७ चा संगणक घरी असल्यास तो नेटला जोडूच नये.

अँटिव्हायरस विंडोजबरोबरच येतो. तो बंद केलेला नाही एवढे पाहावे. विकतचा घ्यावयाचा असल्यास तोही चांगला. या ओघात सांगावेसे वाटते की ‘क्विक हील’ हे नाव पुण्यात घडले. दहावीनंतर शिक्षण सोडून कॅल्क्युलेटर दुरुस्त करणारे कैलाश काटकर आणि संगणकशास्त्र शिकलेले त्यांचे धाकटे बंधू संजय, या मराठी भावंडांनी ते उभे केले. केंद्र सरकारनेही फेब्रुवारी २०१७ मध्ये ‘सायबर स्वच्छता केंद्र’ सुरू केले असून बाधित संगणक साफ करण्याची साधने तेथे विनामूल्य मिळतात.

मात्र या साऱ्याहून अधिक भरवशाचे काम एकच, आणि तेच आपल्याकडे होत नाही: महत्त्वाच्या फाइलींची दुसरी प्रत. जातीचा दाखला आणि वैधता प्रमाणपत्र, गुणपत्रके, सातबारा, आईवडिलांची छायाचित्रे, यांची प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्यावी आणि काम होताच ती डिस्क काढून कपाटात ठेवावी. सदैव संगणकाला जोडलेल्या डिस्कलाही कृमी कुलूप घालतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. तिसरी प्रत दुसऱ्या घरी, बहिणीकडे वा मित्राकडे असली तर फारच उत्तम. व्हॉट्सॲपवर पाठविलेला फोटो लहान होतो आणि धूसर होतो. या अंकाची पाने उलटताना ते दिसेलच.

सुरुवातीच्या तुकड्यांपैकी कोणाच्या घरी पेटीत, भिंतीवर वा जुन्या वहीत वसतिगृहाचे एखादे छायाचित्र असेल, तर त्यांनी ते शाळेच्या कार्यालयात घेऊन यावे. आम्ही ते समोरच स्कॅन करून मूळ प्रत लगेच परत देऊ. त्याची एक प्रत शाळेच्या संगणकावर, एक कपाटातील डिस्कवर राहील आणि तिसरी आणणाऱ्यास त्याच्या पेन ड्राइव्हवर मिळेल.