घरची तालीम

कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिण भागात हिरण्यकेशी नदीच्या काठी आजरा हे गाव वसलेले आहे. सह्याद्री जवळ असल्यामुळे पावसाळ्यात येथे दिवसचे दिवस पाऊस कोसळत राहतो. मैदानात पाणी साचते, वाटा निसरड्या होतात आणि खेळण्याच्या वयाची मुले घरात अडकून पडतात. मोठ्या शहरांतील व्यायामशाळांत लोखंडी वजने व यंत्रे असतात. परंतु तेथे जाण्यास पैसा लागतो. मग ज्याच्याजवळ ना पैसा, ना साधने, त्याने बळ कसे मिळवावे? या प्रश्नाचे उत्तर कोल्हापूरच्या तांबड्या मातीने फार पूर्वीच देऊन ठेवले आहे.

राजर्षी शाहू महाराजांनी मल्लविद्येस उदार आश्रय दिला. १९१२ साली कोल्हापुरात कुस्त्यांसाठी खासबाग मैदान उभे राहिले. पेठापेठांतून व खेड्यापाड्यांतून तालमी चालत. तालीम म्हणजे काय? एक साधी खोली, आखाड्याची माती, भिंतीशी मारुतीची तसबीर आणि कोपऱ्यात एखादी मुद्गलांची जोडी. तेथील मुख्य व्यायाम दोनच, जोर आणि बैठका. त्यांना साधन लागत नाही. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर या खेड्यातील खाशाबा जाधव अशाच मातीत घडले. पुढे ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात शिकले आणि १९५२ साली हेलसिंकी येथील ऑलिंपिक सामन्यांत त्यांनी कुस्तीचे कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताला मिळालेले ते पहिले वैयक्तिक पदक होय.

जोर-बैठकांनी बळ का वाढते, हे आता पाहू. स्नायूवर नेहमीपेक्षा थोडा अधिक भार पडला, की शरीर त्याची दखल घेते. मग विश्रांतीच्या वेळी, अन्नाच्या साहाय्याने, ते त्या स्नायूस पूर्वीहून थोडे समर्थ करते. भार तोच राहिला तर वाढ थांबते. भार एकदम फार वाढविला तर इजा होते. प्राचीन ग्रीकांमध्ये मायलो नावाचा एक नामांकित मल्ल होऊन गेला. तो एक वासरू रोज खांद्यावर उचलीत असे आणि वासरू वाढत गेले तसतसे त्याचे बळही वाढत गेले, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका खरी असो वा नसो, तिच्यातील तत्त्व खरे आहे.

तुमच्या वयाच्या मुलांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. या वयात आरंभी जे बळ वाढते, ते मुख्यतः मज्जातंतूंच्या शिक्षणामुळे. मेंदूची आज्ञा एकाच वेळी अधिक स्नायुतंतूंना कामाला लावू लागते. म्हणून महिनाभर व्यायाम करूनही दंड फुगलेले दिसले नाहीत, तर निराश होऊ नये. बळ आतल्या आत वाढतच असते.

भार कमीअधिक करण्याची सोय आपल्या देहातच आहे. छत्तीस किलो वजनाच्या मुलाने हात व पायांची बोटे जमिनीवर टेकून शरीर सरळ धरले, तर त्याच्या हातांवर सुमारे चोवीस किलो भार येतो. गुडघे टेकले तर तो अठरा किलोंच्या आसपास उतरतो. भिंतीला हात लावून उभ्यानेच शरीर पुढेमागे केले, तर त्याहूनही कमी होतो. यास्तव दुबळ्या मुलाने भिंतीपासून आरंभ करावा, मग गुडघे टेकावेत, मग शरीर सरळ ठेवून हात वाकवावेत आणि ते साधल्यावर जोर काढावेत. बैठकांचेही तसेच. प्रथम पाटावर बसून उठावे, पुढे आधारावाचून बैठक मारावी.

उचलण्याच्या व्यायामास पाणी हे उत्तम वजन आहे. एक लिटर पाणी सुमारे एक किलो भरते. दोन बादल्यांत दोन-दोन लिटर पाणी घेऊन अंगणात किंवा पडवीत फेऱ्या घालाव्यात आणि सवय झाली की पाणी थोडे वाढवावे. बादली उचलताना पाठ सरळ ठेवून गुडघे वाकवावेत.

पाच जोर व दहा बैठका, मध्ये थोडी विसावा देऊन तीन वेळा, एवढा आरंभ पुरे. शेवटचा जोरही पहिल्यासारखाच शुद्ध निघाला पाहिजे. असे आठवडाभर साधले, तरच पुढच्या आठवड्यात एक-दोन वाढवावेत. श्वास कोंडून धरू नये. कोठे दुखू लागले तर थांबावे व घरच्या वडीलधाऱ्यांस सांगावे. पैज लावून जड दगड उचलणे हे शौर्य नव्हे, तो अविचार होय. बळाचा व्यायाम आठवड्यातून किमान तीन दिवस व्हावा आणि धावणे, खेळणे, दोरीवरील उड्या असे श्रम रोज तासभर घडावेत, असे जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२० साली मुलांसाठी सांगितले आहे.

हे सारे मुलींनाही तितकेच लागू आहे. भर पावसात, गुडघाभर चिखलात वाकून भाताची रोपलावण करणाऱ्या स्त्रियांकडे पाहावे, म्हणजे बळ ही केवळ पुरुषांची मिरास नाही हे पटेल.

बळाला अन्नाची जोड हवी. पण ती महागड्या डब्यांतून आणावी लागत नाही. भिजवलेले हरभरे, शेंगदाणे, मोड आलेल्या मटकीची उसळ, डाळभात, नाचणीची भाकरी, दूध किंवा अंडे यांतून वाढत्या शरीरास लागणारे बरेच काही मिळते. रात्रीची पुरेशी झोपही अन्नाइतकीच आवश्यक आहे.

मुलांनो, श्रीमंताच्या मुलालाही आपला जोर स्वतःच काढावा लागतो. तो दुसऱ्याकडून काढून घेता येत नाही. या एका बाबतीत सर्वांची घरे सारखीच आहेत. बाहेर पाऊस कोसळत असला, तरी घरात हातपाय टेकण्यापुरती जागा असतेच. तेवढ्या जागेत आज पाच जोर काढा, आणि उद्याही काढा.