महागडा स्कॅनर घेतला, तरी गाडीचा बिघाड का सापडत नाही?

मुंबई-नाशिक हायवेवर भिवंडीच्या आसपास गोदामंच गोदामं आहेत. माल वाहणारे टेम्पो दिवसरात्र पळत असतात. डॅशबोर्डवर ‘चेक इंजिन’चा दिवा लागला की गाडी थेट गॅरेजमध्ये. स्कॅनर नसेल तर गिऱ्हाईक दुसरीकडे जातं, म्हणून मेकॅनिक हजारो रुपये मोजून मशीन घेतो. मशीन काय सांगतं? ‘पी ०४२०’. हाच कोड हजारभर रुपयांचं ब्लूटूथ यंत्रही दाखवतं. मग पैसे गेले कुठे?

आधी हे मशीन वाचतं काय?

स्टिअरिंगखाली १६ पिनांचं एक सॉकेट असतं, ओबीडी पोर्ट. अमेरिकेत १९९६ पासून ते नव्या कारना सक्तीचं झालं, भारतात बीएस-४ गाड्यांना २०१३ पासून. मूळ हेतू प्रदूषणावर लक्ष ठेवण्याचा. त्यामुळे धुराशी संबंधित कोड सगळ्या कंपन्यांचे सारखेच असतात आणि स्वस्त यंत्रही ते वाचतं.

एबीएस, एअरबॅग, नव्या इंजेक्टरचं कोडिंग, डिझेल गाडीच्या डीपीएफची सफाई ही कामं मात्र प्रत्येक कंपनी आपल्या पद्धतीने करते. खरे पैसे त्या सॉफ्टवेअरचे आणि त्याच्या अपडेटचे असतात.

कोड म्हणजे निदान नाही

‘पी ०४२०’चा अर्थ, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट काम करत नसल्याचा संशय. पण दोष सेन्सरचा असू शकतो, सायलेन्सरच्या गळतीचा किंवा मिसफायरचाही. फक्त कोड बघून कन्व्हर्टर बदलला, तर मोठा खर्च होऊनही दिवा पुन्हा लागू शकतो.

मग कंपनीचंच मशीन का घेत नाहीत?

कारण ते बाहेरच्या गॅरेजला सहज मिळत नव्हतं. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने याच मुद्द्यावर १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटींचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजना खुली करा, असंही बजावलं. कंपन्या त्याविरोधात अपिलात गेल्या.

घेण्याआधी काय विचारायचं?

आपल्याकडे येणाऱ्या गाड्यांची मॉडेल्स यात आहेत का? हे फक्त कोड वाचतं, की गाडीला आदेशही देतं? पहिल्या वर्षानंतर अपडेटला किती पैसे? आणि दुकानदाराने आपल्याच गॅरेजमधल्या गाडीवर ते चालवून दाखवावं. नुसत्या बॉक्सवरच्या यादीवर विश्वास ठेवून पैसे देऊ नयेत.